मराठी शब्द कुठे तुटतो: टोकनायझरच्या कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

सकाळी काकूचा फोन. काकू गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाचे जुने हस्तलिखित अंक गेली दोन वर्षं चार-पाच जण मिळून टाइप करताहेत, आणि त्या मजकुरात शोध घ्यायची सोय मी करून दिलेली आहे. “अगं, एक आजोबा आलेत. शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहावर त्यांच्या वडलांनी लिहिलेला लेख हवाय त्यांना. मी ‘मीठ’ टाकलं तर मिठी, मूठ, माठ, मोठा, सगळंच येतंय. ह्यातनं मीठ कसं निवडू?”

दुपारी बसून बघितलं. दोष माझ्याच स्क्रिप्टमध्ये आहे. मजकुराचे शब्द तोडणारा भाग म्हणजे टोकनायझर, आणि सुटा झालेला प्रत्येक तुकडा म्हणजे टोकन. तोडायला मी पायथन या संगणकभाषेच्या ‘री’ मॉड्यूलमधलं, मजकुरातले साचे (पॅटर्न) ओळखणारं बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस वापरलं होतं. इंग्रजीत ते चोख चालतं, म्हणून मराठीतही चालेल असं धरलं आणि तपासलं नाही. ‘मराठी’ हा शब्द त्यातून काढला तर दोन तुकडे हाती येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. काना आणि वेलांटी गळून जातात. पायथनच्या लेखी बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेघ. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, क, ख, ग यांचा वर्ग ‘अक्षर’ आहे, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह हे सगळे ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत. त्यामुळे प्रत्येक काना त्याला मोकळ्या जागेसारखा वाटतो आणि तिथे शब्द संपतो.

मीठ, माठ, मूठ, मिठी, मोठा या पाचही शब्दांचे तुकडे एकच: ‘म’, ‘ठ’. फक्त ‘मठ’ अखंड राहतो.

दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? शोधायचा शब्दही त्याच सुरीनं कापला जात होता. ‘सत्याग्रह’ टाकला की त्याचे जे तुकडे होतात तेच मजकुरातल्या ‘सत्याग्रह’चेही होतात, मग दोन्ही जुळतात आणि उत्तर बरोबर दिसतं. लांब शब्दांना हे निभावून जातं. दोन अक्षरी शब्द आला की उघडं पडतं. नुसती उत्तरं तपासून हा दोष सापडला नसता, तुकडेच बघायला हवे होते.

नमुन्यादाखल साइकिट-लर्न या पायथनच्या यंत्रशिक्षणाच्या साधनातला ठरीव पॅटर्नही चालवून पाहिला. तो दोन किंवा जास्त अक्षरांचे तुकडेच ठेवतो. ‘मराठी भाषा’ दिलं तर हाती फक्त ‘मर’ राहतं, ‘भाषा’ पूर्ण नाहीशी होते. हे ठरीव पॅटर्न जसेच्या तसे वापरून मराठी मजकुरावर शब्दमोजणी केलेली कुठे दिसली तर आकडे परत काढायला सांगायचं, हे स्वतःसाठी लिहून ठेवते.

२ जून, सोमवार

ऑफिसनंतर नवीन पॅटर्न लिहिला. शब्द म्हणजे अक्षरं, चिन्हं आणि अंक यांची सलग ओळ. पायथनसोबत येणाऱ्या ‘री’ला हे वर्ग नावानं मागता येत नाहीत, म्हणून ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल घेतलं. त्यात येतात.

आधी सोपा उपाय केला होता: देवनागरीचा सगळा तक्ता, यू+०९०० या क्रमांकापासून पुढची १२८ घरं, म्हणजे शब्द. तो लगेच मागे घेतला. त्याच तक्त्यात दंड आणि दुहेरी दंडही बसलेत, आणि अभंगाच्या ओळीत ‘विठ्ठल॥’ हा आख्खा एक शब्द होऊन बसला.

चाचणी: ‘मीठ’ शोधल्यावर आता फक्त ‘मीठ’ येतं. काकूला कळवलं. तासाभरानं तिचा निरोप: “आता तो लेख मुळीच सापडत नाही.”

लेखात ‘मीठ’ हा शब्द सुटा एकदाही आलेला नाही. ‘मिठाचा’, ‘मिठाच्या’, ‘मिठावरचा’. जुन्या मोडक्या पद्धतीत ‘मिठाच्या’चे तुकडे ‘म’, ‘ठ’, ‘च’, ‘य’ असे होत होते, म्हणून तो कचऱ्यासोबत का होईना, पण सापडत होता. मी तोडणं नीट केलं आणि लेख हरवला. रात्री काकूला तो हातानं शोधून पाठवला. आजोबा आता निश्चिंत आहेत, पण काम आता खरं सुरू झालंय.

७ जून, शनिवार

गावी गेले. टाइप करणारे सगळे एकत्र भेटावेत म्हणून मुद्दाम शनिवार धरला. प्रत्येकाला एकच ओळ टाइप करायला दिली: ‘कऱ्हाडच्या बँकेतल्या डॉक्टरांना फार दुःख झालं.’ पाच जणांच्या पाच ओळी पडद्यावर एकसारख्या दिसल्या. आतून एकही दुसरीसारखी नव्हती.

‘कऱ्हाड’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी आला. इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्या गुरुजींनी ‘जे’ कळीवर शिफ्ट धरून ऱ काढला आणि त्याचा पाय मोडला: ऱ, पाय मोडण्याचं चिन्ह, ह. दुसऱ्या दोघांच्या कळफलकानं साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह, मग एक न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह आणि ह अशी रांग लावली. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’: वाचणाऱ्याला फरक शून्य, यंत्राला हे दोन निराळे गाव. युनिकोडच्या तक्त्यात ऱ हे अक्षर द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी म्हणून दाखवलंय, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपली चंद्रकोर, अशी टीप शेजारी आहे.

‘बँक’ही दोन प्रकारची. एकात ब वर चंद्रबिंदू हे एकच चिन्ह, दुसऱ्यात ब वर आधी अर्धचंद्र आणि त्यावर वेगळा अनुस्वार. जुन्या फाँटमधून बदलून आणलेल्या फाइलीत ‘डॉक्टर’चा ऑ एकसंध नाही, काना आणि वर अर्धचंद्र असे दोन भाग आहेत. त्या फाँटमध्ये अक्षर जसं दिसतं तसं खिळ्यांसारखं जुळवलेलं असायचं, बदलताना तीच जुळणी आली.

आणि विसर्ग. पाचातल्या तिघांनी ‘दु:ख’ लिहिताना विसर्गाच्या जागी साधा अपूर्णविराम ठोकलाय. काकूनं फोन पुढे केला: “मला फोनवर विसर्ग सापडतच नाही गं. हे दोन ठिपके तसेच तर दिसतात.” तिचं म्हणणं खरं आहे, दिसतात तसेच. पण अपूर्णविराम हे विरामचिन्ह, म्हणून शब्द तिथे तुटतो. ‘दु’ वेगळा, ‘ख’ वेगळा.

अण्णा आले होते. त्यांची चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधनात गेली. त्यांना पाच ओळींचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोड क्रमांक, एकाखाली एक मांडून दाखवले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आमच्याकडे खिळा चुकला तर प्रुफात दिसायचा. तुझ्याकडे चुकलेला खिळा बरोबरच दिसतो. मग तू प्रूफ वाचणार कशी?” त्यांचा प्रश्न घेऊन रात्रभर जागी होते.

८ जून, रविवार

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर: तोडण्याआधी मजकुराचं एक समान रूप करायचं, आणि त्या रूपावर शोध बांधायचा.

युनिकोडची स्वतःची समान रूपं आहेत, त्यांतलं एनएफसी आधी लावलं. र आणि खाली नुक्ता (टिंब) असं कुणी लिहिलं असेल तर त्याचा एकच ऱ होतो. इथवर ठीक. पण र, पायमोड आणि जोडचिन्ह या रांगेला ते हात लावत नाही. चंद्रबिंदूची ‘बँक’ आणि अनुस्वाराची ‘बॅंक’ वेगळ्याच राहतात. ‘ॲ’ हे अक्षर तक्त्यात आलं २००८ साली. त्याआधीचे लोक अ वर अर्धचंद्र काढत, कित्येक कळफलक अजूनही तेच काढतात, आणि एनएफसीच्या दृष्टीनं या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. म्हणजे मराठीचे नियम आपले आपणच लिहायचे.

सगळ्यात मोठा मोह होता तो जोडचिन्हं सरसकट पुसून टाकायचा. एका ओळीचं काम. केलं, आणि चाचणीसाठी ठेवलेलं जुनंच उदाहरण मोडलं. ‘आचार्‍यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. त्यातलं जोडचिन्ह पुसलं की उरतं ‘आचार्यांना’. आचारी गेला, आचार्य आले. ‘दर्‍या’ पुसली की ‘दर्या’ होतो: डोंगरातली जागा समुद्रात जाते. हा एक न दिसणारा कोडपॉइंट मराठीत अर्थ पेलतो.

शिवाय हा र अडगळीतला नाही. सातारा, वारा, कोपरा, म्हातारा: रा-नं संपणारा पुल्लिंगी शब्द वाक्यात चालवला की बहुतेक वेळा तो येतोच. साताऱ्याला, वाऱ्यावर, कोपऱ्यात, म्हाताऱ्यानं. सातारा जिल्ह्यातल्या वाचनालयात हे चुकवून चालणार नाही.

म्हणून क्रम ठरवला. आधी र, पायमोड, जोडचिन्ह या तिघांचं ऱ आणि पायमोड करायचं. त्यानंतर जी जोडचिन्हं उरतील ती पुसायची. ‘वाक्‌प्रचार’सारख्या शब्दांत पाय मोडलेला दिसावा म्हणून घातलेलं न दिसणारं तोडचिन्हही शोधाच्या रूपातून काढायचं. मूळ मजकुराला मात्र बोट लावायचं नाही. ज्यानं जे लिहिलं ते तसंच राहील. समान रूप ही फक्त शोधाची सावली.

विसर्गाचं इतकं सरळ नाही. दोन मराठी अक्षरांमध्ये अपूर्णविराम आला तर तो विसर्ग, असा नियम केला तर ‘विषय:ग्रंथालय’ असं चिकटून लिहिलेलं सगळं एक शब्द होतं. शब्दाच्या शेवटी ‘त:’ आलं तर विसर्ग, असं धरलं तर ‘विशेषत:’, ‘सामान्यत:’ सुधारतात, पण ‘खालील पुस्तकं पाहावीत:’ यातलं क्रियापदही सुधारून बसतं. शेवटी यादी केली: दुःख, अंतःकरण, निःशब्द, प्रातःकाळ, स्वतः, विशेषतः, वस्तुतः आणि त्यांचे सोबती. यादीतला शब्द असेल तरच ठिपक्यांचा विसर्ग होईल. अण्णांना फोन करून आणखी शब्द घेतले. घड्याळातल्या वेळेला, १०:३० ला, धक्का लागत नाही हे पाहिलं.

१२ जून, गुरुवार

नवीन दोष. शोधलेला शब्द पिवळा दाखवतो, ते पिवळं घसरतंय. ‘कर्‍हाड स्टेशन’मध्ये ‘स्टेशन’ शोधलं की आधीची मोकळी जागा पिवळी होते आणि शेवटचा न बाहेर राहतो. जोडचिन्हाचं एक घर समान रूपात कमी झालं, पुढचे सगळे क्रमांक एकानं मागे आले. एका पानात असे आठ शब्द असले तर पानाच्या तळाशी पिवळं आठ घरं मागे.

आता समान रूपातल्या प्रत्येक घराशेजारी मूळ मजकुरातला त्याचा क्रमांक जपून ठेवते. प्रत्येक टोकनसोबत तीन गोष्टी: शोधाचं रूप, मूळ सुरुवात, मूळ शेवट. चाचणी एकच पण कडक: सगळी टोकनं आणि त्यांच्या मधली मोकळी जागा पुन्हा जोडली की मूळ फाइल एकाही बाइटच्या फरकाशिवाय परत मिळाली पाहिजे. मिळाली. हा नियम मी यापुढे मोडणार नाही. जे तोडलं ते पूर्ववत जोडता येत नसेल तर ते तोडायचा आपल्याला हक्क नाही.

१५ जून, रविवार

टिंबांचा दिवस. शोधात वाक्य दाखवायचं तर वाक्य कुठे संपतं ते कळायला हवं. डॉ., प्रा., कै., रु., ता. क. यांची यादी सोपी. ‘१,२५,०००’ मधला स्वल्पविराम आणि ‘७.५’ मधलं टिंब दोन अंकांमध्ये आहे, त्याला सोडून द्यायचं.

नावांनी वेळ घेतला. गो. ग. आगरकरांचं टेंभू आमच्या कऱ्हाडपासून जवळ, तेव्हा त्यांच्यावरचे लेख खूप, आणि प्रत्येक लेखात ‘गो.’ला एक वाक्य संपत होतं, ‘ग.’ला दुसरं. नियम लिहिला: एक अक्षर आणि लगेच टिंब म्हणजे आद्याक्षर. आता अक्षर म्हणजे काय? ‘धों. के. कर्वे’मधला ‘धों’ तीन कोडपॉइंटचा. ‘त्र्यं. शं. शेजवलकर’मधला ‘त्र्यं’ सहांचा: त, पायमोड, र, पायमोड, य, अनुस्वार. वाचणाऱ्याला ते एकच अक्षर. युनिकोडच्या अक्षरघटकांच्या नियमात जोडाक्षर अखंड ठेवायची सोय देवनागरीला २०२३च्या १५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या नियमानं ‘त्र्यं’चे तीन तुकडे पडतात. कुणाच्या संगणकावर कुठली आवृत्ती असेल त्यावर विसंबायला नको, म्हणून जोडाक्षराचा पॅटर्न स्वतः लिहिला: व्यंजन आणि पायमोड कितीही वेळा, मग व्यंजन, मग स्वरचिन्ह, मग अनुस्वार.

नियम झाला आणि ‘घरी जा. उद्या ये. मग बघू.’ हे तीन वाक्यांचं एक वाक्य झालं. मराठीत एकाक्षरी शब्दांवर वाक्यं संपतात: जा, ये, दे, घे, हो, मी, तू. त्यांची यादी केली तर ‘ना’ अडला. ‘येशील ना.’ यात तो वाक्य संपवतो, ‘ह. ना.’ यात तो नारायण आहे. आता असं ठेवलंय: यादीतला शब्द असेल आणि त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरं आद्याक्षर नसेल, तर वाक्य संपलं. ‘ना’पुरतं तरी जमलं. शंभर टक्के नाही, पण चुकलं तरी दोन वाक्यं एकत्र दिसतात, शब्द हरवत नाही. हा धोका मला परवडतो.

२१ जून, शनिवार

मिठाकडे परत.

मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून बसतात. ‘देवळासमोरच्या’ हा लिहिताना एक शब्द, आत तीन: देऊळ, समोर, चा. इंग्रजीसाठी केलेली साधनं मोकळ्या जागेवर तोडून जिथे थांबतात, तिथे आमचं निम्मं काम बाकी असतं. आणि प्रत्यय लागण्याआधी शब्द स्वतःही रूप बदलतो. मीठ, मिठा. देऊळ, देवळा. पाऊस, पावसा. पाणी, पाण्या. शाळा, शाळे. शाळेत व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप शिकले तेव्हा ते गुणांपुरतं वाटलं होतं. आज तोच धडा काढून बसले.

पहिला प्रयत्न नेहमीचा: शेवटी ओळखीचा प्रत्यय दिसला की कापा. ‘त’ कापला तर ‘घरात’चा ‘घरा’ मिळतो आणि ‘भारत’चा ‘भार’, ‘पर्वत’चा ‘पर्व’. ‘ला’ कापला तर ‘बंगला’चा ‘बंग’. ‘शी’ कापली तर ‘काशी’ची ‘का’, ‘मिशी’ची ‘मि’. ‘वर’ कापला तर ‘सरोवर’चा ‘सरो’. ‘हून’ कापला तर ‘पाहून’ गेला. हे तुकडे पाहून मला पहिल्या दिवसाचे ‘म’ आणि ‘ठ’ आठवले. तेव्हा यंत्रानं कापलं होतं, आता मी व्याकरणाच्या नावानं कापत होते. परिणाम तोच.

तेव्हा उलट्या बाजूनं सुरू केलं. आधी नामांची यादी घेतली आणि प्रत्येकाचं सामान्यरूप नियमानं तयार केलं. अकारान्त पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी असेल तर काना: घर, घरा. उपान्त्य दीर्घ असेल तर ऱ्हस्व: मीठ, मिठा, फूल, फुला. आकारान्त पुल्लिंगी असेल तर या: घोडा, घोड्या. स्त्रीलिंगी असेल तर ए: शाळा, शाळे. ऊळ-ऊस यांचा व: देवळा, पावसा. गावांची नावं वेगळी चालतात, त्यांना वेगळी ओळ: पुण्याला, शिरोड्याला, पण कऱ्हाडला आणि वाईला. मग नियम असा की कापल्यावर उरलेला भाग या तक्त्यात असेल तरच कापायचं. नसेल तर शब्द अखंड. ‘सरो’ तक्त्यात नाही, सरोवर वाचलं. ‘बंग’ नाही, बंगला वाचला. ‘भार’ हे नाम आहे, पण त्याचं सामान्यरूप ‘भारा’, आणि कापून उरतो ‘भार’, म्हणून भारतही वाचला. व्याकरण शिकवणाऱ्या बाईंची फार आठवण आली.

कापलं तरी अखंड शब्द टाकत नाही. ‘मिठाच्या’ आणि ‘मीठ’ दोन्ही एकाच जागेवर, एकाच सुरुवात-शेवटासकट, सूचीत बसतात. नेमका ‘मिठाच्या’ शोधणाऱ्याला तोच मिळतो, ‘मीठ’ शोधणाऱ्याला दोन्ही. पिवळं मात्र पूर्ण शब्दावर, कारण मूळ मजकुरात ‘मीठ’ असं काही तिथे नाही.

रात्री साडेअकराला ‘मीठ’ शोधलं. शिरोड्याचा लेख पहिला आला. ‘मिठी’ एकही नाही. शिरोड्यातला सत्याग्रह १९३० सालचा, लेख लिहिणाऱ्यानं तो डोळ्यांनी पाहिलेला, आणि त्याच्या मुलाला तो शोधायला आपल्या यंत्रानं अडवावं हे बरं नव्हतं.

२८ जून, शनिवार

ऑफिसमधल्या एका मित्राचा सल्ला: एवढं व्याकरण कशाला, उपशब्दांचं, म्हणजे वारंवार येणाऱ्या शब्दतुकड्यांचं, मॉडेल शिकव, ते आपोआप तुकडे शोधेल. सल्ला मनापासून दिलेला, म्हणून आजचा दिवस त्याला दिला.

पद्धत जुनी आहे. फिलिप गेजनं १९९४ मध्ये माहिती दाबून बसवण्यासाठी मांडली: सर्वांत जास्त वेळा शेजारी येणारी जोडी एक करा, पुन्हा शोधा, पुन्हा एक करा. २०१६ मध्ये ती यांत्रिक भाषांतरात आली आणि आता बहुतेक मोठी भाषामॉडेलं तिच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर उभी आहेत. सेंटेन्सपीस हे असे तुकडे पाडणारं साधन घेऊन आमच्या मजकुरावर चालवलं. ‘च्या’, ‘मध्ये’, ‘साठी’ हे तुकडे त्यानं कुणी न सांगता शोधले, ते पाहून आनंदच झाला. पण त्यासोबत ‘ाच्या’, ‘ांनी’ असे कान्यापासून सुरू होणारे तुकडेही. पडद्यावर अशा तुकड्याआधी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं: व्यंजन हरवलेला काना. मॉडेलला त्याचं काही वाटत नाही, त्याच्यापुरते आकडे जुळतात. शोधाच्या सूचीत मात्र मला असा तुकडा नको.

२०१९च्या जीपीटी-२ या भाषामॉडेलचा पॅटर्नही वाचला. त्यात अक्षरांची सलग ओळ हा एक गट, अंकांची दुसरा, आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळं तिसऱ्या गटात. चिन्हांचा वर्ग अक्षरांत धरलेला नाही. म्हणजे जोड्या लावायच्या आधीच ‘मराठी’ प्रत्येक चिन्हापाशी तुटतो, आणि एकदा तिथे तुटलं की पुढे कितीही शिकवलं तरी सांधता येत नाही. त्यात यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटचा, ‘मराठी’ पंधरा बाइटचा. मराठी लिहिणाऱ्याला तेवढ्याच मजकुराला जास्त टोकनं मोजावी लागतात त्याचं एक मूळ इथे आहे.

अजून एक पाहिलं. बर्ट या भाषामॉडेलच्या साधनात सगळी अक्षरं लहान लिपीत करणारं रूप निवडलं की उच्चारचिन्हं पुसतात. युरोपी भाषांतली स्वरांवरची चिन्हं जावीत म्हणून ती पायरी आहे. पुसायचा वर्ग आहे जागा न व्यापणाऱ्या चिन्हांचा, आणि त्यात आपला उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोड बसतात. काना आणि वेलांटी दुसऱ्या वर्गात, त्या वाचतात. ‘पुणे’ दिलं. परत आलं ‘पण’.

निर्णय: आमच्या शोधासाठी तक्ता आणि नियमच. वेळ जास्त लागतो, पण काकूनं “हे का आलं” विचारलं तर मला बोट ठेवून सांगता येतं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. वाचनालयात अभंगांच्या वह्यांचं टाइपिंग आजच संपवलं सगळ्यांनी. कडव्याच्या शेवटी ‘॥१॥’ येतं ते तीन टोकनं न करता कडव्याचा क्रमांक म्हणून एकच ठेवलं. पायथनचा आकडा वाचणारा ‘इंट’ देवनागरी अंक थेट समजतो, ‘१२’चे बारा होतात, बदलत बसावं लागलं नाही. ‘ध्रु.’ संक्षेपांच्या यादीत गेला. गाताना लांबवलेला स्वर दाखवणारी अवग्रहचिन्हं, ‘काऽऽय’ मधली, शोधाच्या रूपातून वगळली, मूळ जागी ठेवली.

१२ जुलै, शनिवार

वाचनालयात सगळ्यांना दाखवलं. काकूनं ‘कऱ्हाड’ टाकलं: कऱ्हाडला, कऱ्हाडहून, कर्‍हाडच्या, सगळे एका यादीत. मग तिनं काही न सांगता ‘दु:ख’ तिच्या त्या दोन ठिपक्यांनीच टाकलं आणि विसर्गवाले सगळे लेख आले. “म्हणजे मी आहे तसं लिहू ना?” “लिही गं, काकू.” अण्णांनी मान हलवली: “शोधायला लिही. छापायला देशील तेव्हा विसर्गच घाल.”

अण्णा घरून एक कागद घेऊन आले होते. त्यावर पेन्सिलीनं सात शब्द. “हे तुझ्या यंत्राला दे.” आचाऱ्यांना, दर्यावर्दी, त्र्यंबकराव, वाक्‌प्रचार आणि पाणवठ्यावरची नीट गेली. दोन अडले.

‘स्वतःहून’. विसर्गानंतर प्रत्यय येऊ शकतो हे मी तक्त्यात धरलंच नव्हतं. तिथल्या तिथे दुरुस्त केलं: विसर्गान्त शब्दांचं सामान्यरूप म्हणजे तोच शब्द. ‘स्वतःला’, ‘स्वतःच्या’ही त्यात आले.

‘मिठागरात’. तक्त्यात ‘मिठागर’ नव्हता म्हणून शब्द अखंड राहिला, इथवर ठीक. पण ‘मीठ’ शोधणाऱ्याला मिठागर दाखवायचं का? काकू म्हणते हो, त्या आजोबांना ते हवंच असेल. अण्णा म्हणतात नाही, मिठागर ही वेगळी वस्तू, उद्या ‘पाणी’ शोधणाऱ्याला तू ‘पाणवठा’ दाखवशील, मग ‘पाणउतारा’सुद्धा दाखवशील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सामासिक शब्दांचा तक्ता वेगळा ठेवायचा आणि तो चालू-बंद करायची कळ शोधाच्या पानावर काकूच्या हाती द्यायची, असं आत्ता ठरलंय. पुढच्या शनिवारी अण्णा सामासिक शब्दांची पहिली शंभराची यादी देणार आहेत, आणि ओळीच्या शेवटी संयोगचिन्हानं तुटलेले शब्द असलेली पानं काकू बाजूला काढून ठेवणार आहे.